शाईचं नाव काढायचं नाही!

आमच्या घरात शाईचा डाग नसलेली एकच वस्तू उरली आहे, आणि ती म्हणजे मी चित्रं काढायला विकत आणलेला कागद.

हे मी शांतपणे सांगतोय. आत्ता. त्या वेळी मी शांत नव्हतो, त्याच्या आधीही नव्हतो, आणि खरं सांगायचं तर हे सगळं रामायण मला शांत करण्यासाठीच घडवून आणलं होतं! मी हैदराबादच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. सव्वीस वर्षं झाली. 'पाणी आलं नाही' म्हणणाऱ्यावर मी ओरडतो. 'पाणी आलं, पण गढूळ आलं' म्हणणाऱ्यावर त्याहून जास्त ओरडतो. (आलं ना? मग!) मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, यंत्रातला आकडा पाहिला आणि म्हणाले, "साब, इत्ता गुस्सा नक्को. कुछ शौक रखो. ड्रॉइंग-व्रॉइंग."

"कायकू?" मी म्हणालो. "गुस्सा मेरा, तकलीफ आपकू क्या है?"

तेवढं बोलण्यात आकडा आणखी चढला.

झालं! आमची लेक पौर्णिमा, वय वर्षं सत्तावीस, माधापूरला कॉम्प्युटरसमोर बसते. तिने बापाला न विचारता, न सांगता त्याचं नाव एका वर्गात घालून टाकलं. 'नवशिक्यांसाठी शाईचित्रं : प्रयोग आणि साहित्य.' दर रविवारी सकाळी, बरकतपुऱ्यातच, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. मी म्हणालो, "मला चित्रकला येत नाही." ती म्हणाली, "म्हणून तर नवशिक्यांसाठी आहे." मी म्हणालो, "मला शिकायचीही नाही." ती म्हणाली, "पप्पा, आवाज खाली." माझा आवाज खाली करायला सांगणारी या घरात ती एकटीच, कारण तिचा आवाज माझ्यापेक्षा वर आहे.

वर्ग घेणाऱ्या मॅडम तेलुगू. हिंदी बोलायच्या, पण मधेच तेलुगू घसरायची. शाईला तेलुगूत 'सिरा' म्हणतात, त्यामुळे सगळा वेळ त्यांचं 'सिरा को बहने दो', 'सिरा को सुनो', 'सिरा से लडो मत' असं चालायचं. आम्ही पाच विद्यार्थी. चार निवृत्त बायका आणि मी. बायकांच्या कागदावर पहिल्याच दिवशी ढग, डोंगर, नदी, होडी, सगळं उमटलं. माझ्या कागदावर भोक पडलं.

"पहले कागज गीला करो, फिर सिरा छोडो," मॅडम म्हणाल्या. मी छोडला. अर्धी बाटली. कागद गळाला. मग म्हणाल्या, ओल्या शाईवर मीठ टाका, मीठ शाई ओढून घेतं आणि चांदण्या उमटतात. बायकांनी चिमूट चिमूट टाकलं. मी मूठभर खडेमीठ हाणलं! चांदण्या कुठल्या? लोणच्याची बरणी उपडी झाल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या रविवारी नळीचा प्रयोग. शाईचा थेंब ठेवायचा आणि नळीतून फुंकर मारायची, म्हणजे झाडाच्या फांद्या फुटतात. सोपं आहे. फक्त फुंकर मारायची असते. माझा थेंब जागचा हलेना. डोकं सणकलं, आणि रागात माणूस आधी काय करतो? मोठा श्वास आत घेतो!

सोमवारी खिडकीवर काळी जीभ घेऊन बसलो. त्या दिवशी एकही तक्रार आली नाही. लोक रांगेतून नुसतं बघून परत जायचे.

आणि मॅडमचं एकच पालुपद. कागद फाटला, शाई सांडली, कुणाच्या ओढणीला लागली, की डोळे मिटून म्हणायच्या, "दाग नहीं है ये. संभावना है." अरे, संभावना काय संभावना! आमच्या सोफ्यावर संभावना, रिमोटवर संभावना, गॅसच्या सिलिंडरवर संभावना! मी घरी सराव करायचो ना. (सराव केल्याशिवाय येत नाही, हे मॅडमच म्हणायच्या.) एकदा शाईचा ब्रश झटकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला आख्खा पंधरवडा गेला.

आमची कमल तशी सोशिक. माझ्याशी अठ्ठावीस वर्षं संसार केलाय, आणखी काय पुरावा देऊ! पण लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. पौर्णिमाचं. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, बघावं तिकडे पांढरं. आणि पौर्णिमाने लहानपणापासून एकच धोशा लावलेला : "मी आईच्या लग्नातली साडी नेसणार." ती साडी म्हणजे कमलच्या वडिलांनी परभणीहून आणलेली, पांढरी, बारीक चंदेरी काठाची. कमलने ती अठ्ठावीस वर्षं मलमलीच्या फडक्यात, कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली. दर उन्हाळ्यात सावलीत वाळवायची आणि पुन्हा घडी घालायची. एवढं तिने मलाही जपलेलं नाही.

साडी पेटीतून बाहेर आली त्या दिवशी कमल कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"काय करायलात?"

"धुकं काढतोय."

"उचला ते धुकं. लग्न होईस्तोवर या घरात शाईचं नाव काढायचं नाही! ऐकू आलं का?"

"पण सराव..."

"नाव काढायचं नाही म्हणलं!" आणि तिने माझ्या देखत दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. मोरी अजून काळी आहे.

आता मला सांगा, मला हे चित्रांचं वेड होतं का? मुळीच नव्हतं! मला चित्रकलेचा तिटकारा आला होता. पण कुणी 'करू नको' म्हणलं की माझ्या डोक्यात कळ दाबल्यासारखं होतं. शिवाय लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मॅडमनी सगळ्यांना घरी बनवलेली शाई आणायला सांगितली होती, आणि त्या चार बायका मला बघून आपापसांत हसायच्या. म्हणलं, दाखवतोच! बाजारची नाही, हातची शाई नेतो!

गेलो बेगम बाजारात. मॅडमनी सांगितलेलं साहित्य : हिरडा, हिराकस (लोखंडाचं हिरवं मीठ), बाभळीचा डिंक. जडीबुटीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मियाँनी एकेक पुडी बांधता बांधता विचारलं, "क्या करते चचा इसका? बालां काले करते?"

"नक्को, नक्को. सिरा बनाना है." (वर्गातला शब्द तोंडात बसलेला.)

म्हाताऱ्याचा हात थांबला. "शीरा? शीरे में हिराकस कायकू डालते जी? उसकू शक्कर होना, इलायची होना! ये खाए तो आदमी सीधा दवाखाने कू जाता!"

"खाने का नहीं, लिखने का!"

"शीरे से लिखते?" तो शेजारच्या दुकानदाराला ओरडून म्हणाला, "अगे सुनो, इनो शीरे से लिखतई कते!"

आख्खी गल्ली हसली. मी पुड्या हिसकावून घेतल्या आणि पार बसस्टॉपपर्यंत तावातावाने चालत आलो. पण चालता चालता त्या रागातच डोक्यात उजेड पडला. त्या म्हाताऱ्याला 'सिरा' म्हणलं की पाक ऐकू येतो. आमच्या कमलला काय ऐकू येईल? शिरा! रव्याचा! कमलला तेलुगू येत नाही. सव्वीस वर्षं भाजीवाल्यांशी ती बोटांनी बोलते. आणि ठरलं काय होतं? शाईचं नाव काढायचं नाही. बरोबर? मी शाईचं नाव काढणारच नव्हतो!

मी सरकारी माणूस आहे. नियम मी अक्षरशः पाळतो.

कमल लग्नाच्या खरेदीला गेली, की मी स्वयंपाकघरात. हिरडा कुटला, उकळला, गाळला, त्यात हिराकस घातलं, डिंक घातला. ताजी शाई दिसायला फिक्की असते, कोऱ्या चहासारखी. हवा लागली की हळूहळू काळी पडत जाते. म्हणून स्टीलच्या कडीच्या डब्यात काठोकाठ भरली, घट्ट झाकण लावलं, आणि कपाटाच्या खालच्या खणात मागे सारली. आमच्याकडे बारा वर्षांपासून यादम्मा कामाला येते, महबूबनगरकडची. तिचा हात सगळीकडे फिरतो, म्हणून तिला विश्वासात घेणं भाग होतं. मी तेलुगूत बजावलं, "यादम्मा, इदी सिरा. जाग्रत्ता!" म्हणजे ही शाई आहे, जपून.

"सरे सार," यादम्मा म्हणाली.

दाराशी कमल उभी! कधी आली देव जाणे. मी डबा पायाने मागे ढकलला.

"काय आहे हो त्यात?"

"सिरा," मी म्हणालो.

कमल माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी माझं गोडही बंद केलेलं आहे, हे मी सांगायचं विसरलो. आता ती कडाडणार म्हणून मी उलट ओरडायची तयारी ठेवली. पण ती तशीच वळली. आत गेली. नंतर मला कळलं की तिला माझी दया आली होती! 'लेक सासरी चालली म्हणून ह्यांचं मन गोडात अडकलं असंल, खाऊ दे चार दिवस चोरून,' असा तिने विचार केला. एवढंच नाही, तर तिने यादम्माला आपल्या परीने दम भरला, "साहेबांच्या शिऱ्याला हात लावायचा नाही." यादम्मा म्हणाली, "सरे अम्मा." म्हणजे माझ्या शाईवर आता दोन-दोन राखणदार बसले होते, आणि त्यातल्या एकीला वाटत होतं की आत रवा आहे.

लग्न रविवारी. गुरुवारी सकाळी विहीणबाई आल्या. सुमनबाई, नवरदेवाच्या आई, नांदेडच्या बसने गौलीगुड्याला उतरून रिक्षाने थेट आमच्या दारात. बाई रोखठोक. हातात पिशवी, पिशवीत नवी कोरी पांढरी साडी.

"हे बघा ताई, भाऊ, राग मानू नका," त्या बसल्या बसल्या म्हणाल्या. "आमच्यात नवरीची साडी मुलाकडून येते. जुनी साडी नेसवून सून आणली म्हणून लोक मला नावं ठेवतील."

माझं डोकं तापायला लागलं. पण पौर्णिमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायलो. ती सुट्टी काढून घरीच होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही एकदा बघा तर खरं. नाही आवडली तर तुमची नेसते. माझा शब्द."

कमलने साडी आणली आणि टेबलावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर उलगडली. खरं सांगतो, माझासुद्धा राग उतरला. विहीणबाईंनी काठावरून बोट फिरवलं. पदर हातात घेतला.  मग कमलला म्हणाल्या, "बाई, तुम्ही हिला लेकरासारखं ठेवलंय. नेसू दे पोरीला. मी बघते लोकांचं."

पौर्णिमाचे डोळे भरून आले. कमलचे भरून आले. विहीणबाईंनी नाक पुसलं. आणि त्या आनंदाच्या भरात कमलने आत तोंड करून हाक मारली, "यादम्मा! पाहुण्यांना काहीतरी गोड दे गं! साहेबांचा शिरा आण!"

यादम्मा दारापर्यंत आली.

"सिरा, अम्मा?"

"हो, हो, शिरा!"

"सार सिरा? चुट्टालकी?" म्हणजे साहेबांची शाई, पाहुण्यांना?

"हो गं बाई, तोच! सगळ्यांना वाट्यांत घालून आण. चमचे ठेव!"

मी हे ऐकत होतो का? नव्हतो! मी विहीणबाईंना नांदेडच्या पाणीपुरवठ्यातले दोष समजावून सांगत होतो, आणि पौर्णिमा तोंड धुवायला गेली होती. यादम्मा बिचारी काय करणार! अम्माचा हुकूम. लग्नघर. मराठी माणसांत लग्नाच्या आधी शाई वाटायची काही रीत असेल, असं तिला वाटलं. (हे तिने मला नंतर सांगितलं. बारा वर्षांत आमच्या घरी तिने इतकं काय काय पाहिलंय, की हे तिला त्यातलंच एक वाटलं.) तिने ट्रे आणला. चार वाट्या. चार चमचे. वर तिने आपल्या मनाने एकेक काजू टाकला होता.

विहीणबाईंनी वाटी उचलली, हलवली. "हैदराबादेत शिरा पातळ करतात वाटतं?"

"ह्यांना तसाच आवडतो," कमल कौतुकाने म्हणाली.

मी वळलो. तरंगणारा काजू पाहिला. हिरड्याचा वास ओळखला. आणि विहीणबाईंनी चमचा सोडून वाटीच तोंडाला लावली!

"थांबाऽऽ!"

मी उडी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्याचा जीव वाचवायला धावलो, आणि तेही विहिणीचा, याची नोंद कुणीच घेतली नाही. माझा हात वाटीला लागला, वाटी ट्रेला लागली, ट्रे यादम्माच्या हातून सुटला, आणि चारही वाट्या, काजूंसकट, टेबलावरच्या साडीच्या पदरावर.



"एवढं काय ओरडलात!" विहीणबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "फिक्कं तर आहे. धुतलं की जाईल."

कमलनेही पदर उचलून बघितला. फिकट चहाचा असावा तसा डाग, ताटलीएवढा. "साबण आण गं यादम्मा!"

"साबण नको!" मी म्हणालो.

"का?"

आता काय सांगू? हवेने ती काळी पडते, साबणाने आणखी लवकर, हे सांगायचं तर आधी ती आहे कोण हे सांगावं लागणार!  तोवर यादम्माने साबण घासला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डाग करडा झाला. मग जांभळा. मग निळाकाळा. कमल घासत होती आणि तो काळा होत होता, आणखी घासत होती, आणखी काळा होत होता.

"शिऱ्यात घातलं काय होतं तुम्ही?" विहीणबाईंनी विचारलं.

"हिरडा," मी म्हणालो. "हिराकस."

"शिऱ्यात?"

"शिरा नाही हो! सिरा! सिरा म्हणजे..." आणि मी थांबलो, कारण मला अजूनही ते नाव काढायची बंदी होती.

"शाई," पौर्णिमा म्हणाली. ती इथेच वाढलेली. मराठी अक्षरं तिला जड जातात, पण तेलुगू तिला पाठ. "पप्पा, तेलुगूत सिरा म्हणजे शाई."

कमल खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं! मी ओरडण्याला सरावलेला माणूस. ती हळूच म्हणाली, "मी तुम्हाला शिरा चोरून खाऊ देत होते."

"खोटं का बोललात?" पौर्णिमा ओरडली. अगदी माझ्यासारखी. कपाळावरची शीरसुद्धा तीच.

"मी खोटं नाही बोललो. तेलुगूत बोललो."

"पप्पा!"

विहीणबाईंनी पिशवीतून नवी साडी काढली आणि टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवली. "आता काही इलाज नाही, पोरी. ही नेस." त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. उलट मायेने बोलल्या. पण पौर्णिमाने त्या साडीकडे पाहिलं, आईच्या पदराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही पडला की माझं टाळकं सटकलं. कुणावर? स्वतःवर! पण मला स्वतःवर रागवायची सवय नाही, त्यामुळे तो राग नेहमीसारखा भलतीकडे निघाला.

"मी करतो नीट!" मी टेबलावर मूठ आपटली. "रविवारच्या आत! हीच साडी नेसेल ती!"

"तुम्ही?" तिघी एकदम म्हणाल्या. यादम्मानेही तेलुगूत तेच विचारलं.

मी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "दाग नहीं है, सर. संभाव..."

"मॅडम!" मी असा ओरडलो की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. "संभावना गई चूल्हे में! मेरी बच्ची की शादी है!"

 मॅडम मग पहिल्यांदाच कामाचं बोलल्या. लिंबू चोळा, डाग फिका होईल. पूर्ण जाणार नाही. जे राहील ते झाका. पिंपळाचं पान घ्या, मागच्या शिरांवर पातळ शाई लावा, कापडावर ठेवा, वर कागद ठेवून दाबा. नवशिक्यालाही जमतं. "और सर, गुस्सा मत दबाओ. पत्ता दबाओ."

दोन डझन लिंबं पिळली. माझ्या बोटांना जिथे जिथे चिरा होत्या तिथे तिथे देव दिसले. पण डाग उतरला, काळ्याचा फिकट तपकिरी झाला आणि तिथेच अडून बसला. विहीणबाई नांदेडला परत जायच्या होत्या, त्या मुक्कामाला राहिल्या. "मला बघायचंच आहे," म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी मी बागेतून पिंपळाची पानं आणली, डब्यात उरलेली शाई काढली. आधी वर्तमानपत्रावर सराव. पहिलं पान सरकलं. दुसरं चिकटलं. तिसरं फाटलं, मी ओरडलो. दहावं वांग्यासारखं आलं, मी आणखी ओरडलो. विहीणबाई खुर्ची ओढून समोर बसलेल्या, दर पानाला मान हलवायच्या. साठाव्या पानाला मला पहिल्यांदा कळलं, की मी जोरात दाबतो म्हणून सगळं फिस्कटतं. सव्वीस वर्षं खिडकीवर बसून जे कळलं नाही, ते एका पानाने सांगितलं, आणि त्याचाही मला राग आला.

मग साडी. कमलने पदराचं एक टोक ताणून धरलं, पौर्णिमाने दुसरं. गुरुवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी पान ठेवलं, वर कागद ठेवला.  त्या कागदाखाली माझ्या सासऱ्यांची पसंती होती, बायकोची अठ्ठावीस वर्षं होती, आणि माझ्या लेकीचा एकच हट्ट होता, तोही मी घालवायच्या बेतात होतो. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू!

पौर्णिमाने टोक एका हातात धरलं आणि दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. "हळू, पप्पा," ती म्हणाली. "मी आहे ना."

दोघांनी मिळून दाबलं. कागद उचलला. पान उमटलं होतं. देठ, टोक, एकेक शीर! त्या तपकिरी डागावर ते असं बसलं होतं की डाग म्हणजे पानाची सावलीच वाटावी. मग आम्ही अकरा पानं उमटवली. नववं पुन्हा वांगं झालं. ते पाहून पौर्णिमा खो खो हसली, कमल हसली, आणि विहीणबाई उठून, डोळ्यांना चष्मा लावून, पदर न्याहाळून म्हणाल्या, "वांगं पदराच्या निऱ्यांत जाईल. चालतंय."

त्यांनी आपली नवी साडी पिशवीत परत घातली. "दुसऱ्या दिवशी नेस ही," म्हणाल्या.

रविवारी पौर्णिमा तीच साडी नेसली. विहीणबाई हॉलच्या दारात उभ्या राहून येईल त्या पाहुणीला पदर दाखवत होत्या, "आमच्या व्याह्यांनी हातानं केलंय! पिंपळपान आहे, बोधिवृक्षाचं!" लोक मला येऊन विचारत होते, कुठे शिकलात? मीही मोठ्या माणसासारखी मान डोलवत होतो. इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आलं, की एखादं पान मधेच फिकं पडलं तर? म्हणून मी कुणाला न सांगता पांढऱ्या झब्ब्याच्या खिशात शाईची छोटी बाटली ठेवली होती, एव्हाना चांगली काळीभोर झालेली. वंदना झाली. भंतेजींनी आशीर्वाद दिला. पौर्णिमा आणि जावई आमच्या पाया पडायला वाकले, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. मी त्याच खिशातून रुमाल काढला आणि डोळे, गाल, कपाळ, सगळं कसं खसाखसा पुसलं.

 विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पौर्णिमा आधी किंचाळली, मग हसत खालीच बसली. (साडीला काही लागलं नाही. मी स्वतः तपासलं, लांबून.) बाटलीचं बूच खिशात कधीच निघालं होतं.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कमल मला शंभरदा तरी म्हणाली असेल, "जा, तोंड काळं करा एकदाचं!" मी एकदाही ऐकलं नाही. ऐकलं ते लेकीच्या लग्नात, सगळ्या व्याह्यांसमोर, फोटोग्राफर सांगत असताना : "सर, थोडा सामने देखो."